बाळसे

मोठ्या माणसाच्या लठ्ठपणाची मराठीत टिंगलच फार. मुलाच्या लठ्ठपणाला मात्र सारे शब्द कौतुकाचे : बाळसेदार, गुटगुटीत, खात्यापित्या घरचा! गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरवून आपण बक्षिसेही दिली. घरोघर काडीपैलवान होते, तोवर ते शोभलेही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची २.१ टक्के मुले जादा वजनाची निघाली. २०१९-२१ च्या पाहणीत ३.४ टक्के. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. आजीच्या फराळाच्या डब्याला कसले आले फाटक?

परवा माझा दहा वर्षांचा भाचा आला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आहे, हे ताई दबल्या आवाजात बोलली. "वाढते वय आहे, उंचीबरोबर झडेल," म्हणत आईने त्याच्या ताटलीत तिसरा लाडू ठेवला. मी गप्प राहिलो. त्याला 'लाडोबा' हे नाव माझेच.

त्याने लाडू बाजूला सारला. भिंतीवरच्या बोरन्हाणाच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, त्यात मी गोड दिसतो म्हणता ना सगळे? मग आता शाळेत का हसतात?"