ग्रहण म्हणजे देवाची सही?

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी दुपारनंतर आपल्या शहाद्यातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. अर्थात पावसाळी ढगांनी दिसू दिलं तर. ग्रहण आलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक, दारं-खिडक्या लावून बसणं. दोन, मोबाइलवर मेसेज फिरवणं. पहिल्यावर पुष्कळ लिहून झालंय. आज दुसऱ्यातल्या एका मेसेजविषयी बोलू.

हा युक्तिवाद ख्रिस्ती प्रवचनांतून, व्हिडिओंतून ऐकू येतो. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आणि सूर्याचं आपल्यापासूनचं अंतरही चंद्राच्या सुमारे ४०० पट. म्हणून आकाशात दोघं एकाच मापाचे दिसतात आणि खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला अगदी नेमका झाकतो. एवढा मेळ आपोआप बसेल का? म्हणजे हे कुणीतरी मुद्दाम मापून केलंय. ग्रहण म्हणजे देवाने आपल्या कामावर केलेली सही!

आपल्या जिल्ह्यात ‘ख्रिस्ती’ शब्द निघाला की चर्चा लगेच धर्मांतराकडे वळते आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. तसं नको. मुद्दा तपासू.

आधी हे कबूल करा की हा युक्तिवाद अडाण्यांचा नाही. गिलेर्मो गोन्झालेझ हे खगोलशास्त्रज्ञ २४ ऑक्टोबर १९९५ चं खग्रास ग्रहण बघायला आपल्याच देशात, राजस्थानातल्या नीम का थाना इथे आले होते. पुढे २००४ मध्ये त्यांनी जे रिचर्ड्स यांच्यासोबत ‘द प्रिव्हिलेज्ड प्लॅनेट’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपला चंद्र मोठा आहे म्हणून पृथ्वीचा आस फार डगमगत नाही, हवामान टिकतं, जीवसृष्टी तगते. तोच चंद्र आपल्याला खग्रास ग्रहण दाखवतो. जिथे राहता येतं तिथूनच विश्व नीट अभ्यासता येतं, आणि हा योगायोग नाही.

ग्रहणांनी विज्ञानाला भरभरून दिलं हे खरंच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. हेलियमच्या शोधाची कथा त्या ग्रहणापासून सुरू होते. १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे दिसलं आणि आइन्स्टाइन जगभर पोहोचले.

मग अडतं कुठे?

पहिलं, माप ‘नेमकं’ नाही. चंद्र कधी जवळ असतो, कधी लांब. लांब असला की तो सूर्याला पुरा झाकत नाही, बांगडी उरते. अशी कंकणाकृती ग्रहणं खग्रासपेक्षा जास्त वेळा होतात. सही म्हणायची, तर ती निम्म्याहून जास्त वेळा रेघेबाहेर जाते.

दुसरं, हा मेळ कायमचा नाही. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातोय. साधारण ६० कोटी वर्षांनी पृथ्वीवरून खग्रास सूर्यग्रहण दिसणारच नाही. आणि माणूस येण्याच्या कितीतरी आधी डायनासोरांच्या डोक्यावर खग्रास ग्रहणं होतच होती. त्यांनी काही हेलियम शोधला नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. जीवसृष्टी असलेला एकच ग्रह आपल्याला ठाऊक आहे. एका शेतातलं एकच कणीस बघून साऱ्या तालुक्याच्या पिकाचा नियम सांगता येत नाही.

याने देव नाही असं सिद्ध होतं का? अजिबात नाही. फक्त एवढंच की ग्रहण हा त्याचा पुरावा होत नाही. आणि हे श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांनाही कळत होतं. १९१९ ची ती मोहीम करणारे एडिंग्टन पक्के क्वेकर होते, पण धर्माच्या श्रद्धा भौतिकशास्त्राने सिद्ध करायला त्यांचा विरोध होता. त्याच्याही दीड हजार वर्षं आधी संत ऑगस्टीनने आपल्याच लोकांना बजावलं होतं की आकाशातल्या गोष्टींविषयी चुकीचं बोललात तर लोक तुमच्या धर्मग्रंथालाही हसतील. येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूवेळी पडलेला अंधार म्हणजे सूर्यग्रहण, असं आजही कोणी सांगतं. पण तो वल्हांडणाचा काळ, म्हणजे पौर्णिमेचा. सूर्यग्रहण होतं अमावास्येला! शिवाय खग्रास अवस्था साडेसात मिनिटांच्या वर जात नाही, आणि शुभवर्तमानांत तर तीन तासांचा अंधार आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याने तो चमत्कार मानावा, त्याला पंचांगात बसवायला जाऊ नये.

आता आपले हिंदू मित्र खूश होत असतील तर थांबा. ग्रहण सावल्यांमुळे होतं हे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास सांगितलं. तरी दीड हजार वर्षांनी घराघरांत गरोदर बाईला ग्रहणात उपाशी, अंधारात बसवतात. ग्रहण सुटल्यावर प्रकाशाला तापीत स्नान करायचं तर जरूर करा, ती तुमची श्रद्धा. पण पोटुशी सुनेला पाणीसुद्धा नाकारणं ही श्रद्धा नव्हे, छळ आहे.

११ ऑगस्ट १९९९ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास खग्रास ग्रहणाचा पट्टा गुजरातेतून आपल्या भागावरून पुढे आंध्रच्या किनाऱ्याकडे गेला. पावसाळ्याने बहुतेकांना काही दिसू दिलं नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. किती शाळांनी मुलांना तो दाखवला?

म्हणून मागणी साधी आहे. २ ऑगस्ट २०२७ ला तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा, मिशनच्या शाळा, सगळ्यांनी मुलांना मैदानात आणावं. प्रमाणित ग्रहण-चष्मे आत्तापासून मागवा. ते नसतील तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागदावर पडलेली सूर्याची प्रतिमा बघा. एक्स-रे फिल्म किंवा काळा गॉगल लावून सूर्याकडे बघू देऊ नका, डोळे जातील. ढग आले तर फळ्यावर चंद्र-सूर्याचं माप काढून दाखवा.

मग घरी जाऊन कुणी देवाचे आभार मानले तर मानू दे, नाही मानले तर नको. आधी बघू तर दे पोरांना.