पूर केवळ ‘अस्मानी’ नसतो : परभणीच्या भूमीची साक्ष

१/ जुन्या मोडी कागदांत संकटांची जोडी येते : अस्मानी आणि सुलतानी. पहिले निसर्गाचे, दुसरे राज्यकर्त्यांचे. गोदावरीला पूर आला की आज फक्त पहिला शब्द उच्चारला जातो. तो सोयीचा आहे. आभाळाला जाब विचारता येत नाही.

२/ पाऊस आभाळातून पडतो, पण तो कुठे साचेल हे भूमी ठरवते. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर. मध्ये गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे संथ उताराचे खोरे. डोंगरावरून वेगाने उतरलेले ओढे सपाटीवर मंदावतात आणि पसरतात.

३/ खाली बेसॉल्टचा कातळ, वर काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पहिला पाऊस पिऊन घेते. भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरेनासे होते. म्हणून भाद्रपदातला पाऊस ज्येष्ठातल्या तेवढ्याच पावसाहून घातक.

४/ पूर्णा नदी पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. गोदावरी दुथडी भरलेली असेल तर पूर्णेला वाट मिळत नाही. फुगवटा मागे सरकतो आणि ओढ्यांच्या मुखांतून शिवारात शिरतो.

५/ गावरचनेत हे ज्ञान होते. ‘काळी’ म्हणजे शेत, ‘पांढरी’ म्हणजे वस्ती. शतकानुशतके मातीची घरे पडून, पुन्हा उभी राहून पांढरीचा उंचवटा वाढत गेला. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. गावकुसाबाहेर ढकललेल्यांना मिळेल त्या जागी राहावे लागले. पुराचा धोकाही जातीप्रमाणे वाटला गेला.

६/ पुढे धरणे आली : पूर्णेवर येलदरी, गोदावरीवर पैठणला जायकवाडी. त्यांनी पूर संपवला, हा भ्रम आहे. सिंचनासाठी काठोकाठ भरलेल्या धरणात नव्या पुराला जागा उरत नाही. ऑगस्ट २००६ आणि सप्टेंबर २०२५, दोन्ही वेळी जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि खालचा गोदाकाठ पाण्याखाली गेला.

७/ ‘पाऊसच प्रचंड होता, कोण काय करणार?’ हा नेहमीचा प्रतिवाद. पावसाला कोणी काही करू शकत नाही, हे खरे. पण सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत राज्यात आहे. तिच्या आत बांधकामास मुभा देणे, ओढा बुजवून भूखंड पाडणे, ही आभाळाची कामे नव्हेत.

८/ प्रत्येक गावाच्या जुन्या नकाशावर ओढे-नाले नोंदलेले आहेत. तो नकाशा न उघडता दिलेल्या परवानगीमुळे जे घर बुडते, त्याच्या पंचनाम्यात ‘अस्मानी’ लिहिणे हा खोटा इतिहास आहे. तेथे ‘सुलतानी’ हाच शब्द हवा.