तालीम आणि वस्ताद

मराठीतला 'तालीम' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तुम्ही थोडे गोंधळला असाल. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडा. कोल्हापूरच्या तालमीत लाल माती असते आणि कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. हा वस्ताद म्हणजे आपला उस्तादच! आज मी ज्या शिक्षणाविषयी लिहीत आहे, त्याला तालीम शब्दाचा मराठी अर्थच अधिक शोभतो.

दहावीची परीक्षा संपली की जाहिराती दिसू लागतात : 'तीन महिन्यांत प्रोग्रामर व्हा. नोकरीची हमी.' अशा झटपट अभ्यासक्रमाला 'बूटकॅम्प' म्हणतात. हा शब्द मूळचा अमेरिकन सैन्यातला. नव्या शिपायांना थोड्या आठवड्यांत कसून तयार करणारी छावणी, ती बूटकॅम्प. २०१२ च्या सुमारास संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकवणाऱ्या वर्गांनीही हे नाव घेतले. दिवसभर एकच काम, एकच ध्यास. कल्पना वाईट नाही. पण ती तुमच्यासाठी आहे का?

माझा एक विद्यार्थी होता. वडील पॉवरलूमवर कामाला. आईने बांगड्या मोडून त्याची फी भरली. पाचव्या आठवड्यात त्याने वर्ग सोडला. फी परत मिळाली नाही. मुलगा आळशी होता का? मुळीच नाही. घरातला पंखा तो स्वतः दुरुस्त करायचा. पण खुर्चीवर बसून पडद्यावरची एक चूक तीन-तीन तास शोधणे त्याच्या स्वभावात नव्हते. पुढे तो आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे काम शिकला आणि त्यात रमला. बांगड्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

ही गोष्ट फी भरण्यापूर्वी कळू शकली असती. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट मिळते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, परीक्षेसाठी तेवढी फी असते. महिनाभर रोज एक तास बसून पाहा. एखादा कंस लिहायचा राहिला, तर प्रोग्राम चालणार नाही. तेव्हा तुम्हाला राग येतो की चूक शोधायची ईर्ष्या वाटते? तालमीत पहिल्या दिवशी अंग सर्वांचेच दुखते. दुसऱ्या दिवशी कोण येतो, हे वस्ताद पाहतो.

आता नोकरीच्या हमीविषयी. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची अशीच एक शाळा होती. आमच्या ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागतात, असे ती सांगे. २०२४ साली तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने तिच्यावर कारवाई केली. शाळेच्या स्वतःच्या नोंदींत हा आकडा ५० टक्क्यांच्या जवळ होता, काही तुकड्यांत तर ३० टक्के! 'आधी शिका, नोकरी लागल्यावर पैसे द्या' ही तिची योजनाही प्रत्यक्षात कर्जच होते, असे त्या खात्याने म्हटले. तेव्हा आपल्या गावातल्या क्लासवाल्याला स्पष्ट विचारा : शंभर मुलांनी प्रवेश घेतला, तर पूर्ण किती जणांनी केले? काम किती जणांना मिळाले, आणि कोणते? मध्येच सोडले तर फी परत मिळेल का, हे लेखी द्याल का? भिंतीवरचे फोटो पाहून परत येऊ नका. तिथे शिकलेली दोन मुले स्वतः शोधा आणि त्यांच्याशी बोला.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "सर, आमच्या घरात तीन वर्षे थांबण्याची ऐपत नाही. तीन महिन्यांत कमाई सुरू झाली तर काय वाईट?" हा प्रश्न खरा आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण ज्या घरात थांबण्याची ऐपत नाही, त्याच घराला बुडालेली फी सर्वांत जड जाते. माझ्या मते, हे झटपट वर्ग पदवी किंवा पदविका हाती असलेल्यांसाठी बरे. काम गेले तरी त्यांचे शिक्षण शिल्लक राहते. दहावी झालेल्या मुलामुलींनी आधी आयटीआयचा 'कोपा' हा संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा. सरकारी आयटीआयची फी खाजगी क्लासच्या मानाने फार थोडी असते. ज्यांना जमेल त्यांनी तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घ्यावी.

तोपर्यंत शाळेच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहून पाहा. घरात कोणी लूमवर काम करत असेल, तर त्यांच्या आठवड्याच्या मजुरीचा लिहा : कापड किती मीटर विणले, मीटरमागे दर किती, त्यातून उचल किती वजा झाली. उत्तर अब्बांना दाखवा. हिशोब चुकला असेल, तर ते लगेच सांगतील.