जीर्णोद्धाराच्या नावाखाली



गेल्या काही महिन्यांत माझ्या मोबाइलवर तीन वेगवेगळ्या गावांच्या मंदिरांचे निरोप आले. मजकूर तिन्हींचा जवळपास एकच. जुनं मंदिर जीर्ण झालं आहे, त्या जागी संगमरवराचं भव्य मंदिर होणार आहे, एका चौरस फुटाचं दान द्या, पाटीवर नाव लागेल. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. जुन्या मंदिरातल्या सागवानी खांबांचं, दगडी चौकटीचं, जुन्या वेदीचं काय होणार, याबद्दल एक शब्द नाही. गावांची नावं लिहीत नाही, कारण प्रश्न त्या तीन गावांचा नाहीच. ही सवय साऱ्या समाजाला लागली आहे, आणि तिला पैसा पुरवण्यात आपण बायका पुढे असतो. म्हणून हे आपल्यातच बोलायचं.

नवं मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट, असं आपल्याकडे सांगतात. हे ऐकलं की बोली चढते. पण उद्धार कुणाचा? जीर्णाचा. मोडकळीला आलेलं सावरायचं, पडणारं धरून ठेवायचं. ते जेसीबीनं उपटून ट्रॉलीत भरलं आणि तिथं दुसरंच उभं केलं, तर ते नवं मंदिर झालं, आठपट पुण्य कुठून येणार? आजीला दवाखान्यात नेतो म्हणून नेलं आणि घरी येताना दुसरीच म्हातारी आणून बसवली, तर तिला कुणी आजी म्हणेल का?

मी पैठणची आहे, त्यामुळे मला हे दुसऱ्या एका गोष्टीवरून चटकन कळतं. पूर्वी पैठणीच्या जरीत खरी चांदी असायची. साडी विरली की लोक ती जाळायचे आणि राखेतून चांदी काढून घ्यायचे. चांदी हाती लागे, तोळ्यावर तिचे पैसे येत. आज त्या विणीची एखादी साडी जपलेली असली तर आपण हळूच घडी उलगडून लेकीसुनांना दाखवतो. जाळणाऱ्यांना तेव्हा व्यवहार चोखच वाटला असणार.

आपल्या गावाला कुठलाही दगड नवा आणून बसवायची गरज नाही, इतकं इथं आधीच आहे. सातवाहनांची ही राजधानी. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी देशभरातल्या तीर्थांवर ‘विविधतीर्थकल्प’ लिहिला, त्यात प्रतिष्ठानवर वेगळं प्रकरण आहे. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ इथले मूलनायक. श्यामवर्णी, लांछन कासवाचं. मूर्ती वाळूची आहे ही श्रद्धा, आणि राम-सीतेनं तिची पूजा केली ही इथली कथा. मुनिसुव्रतांच्याच तीर्थात राम झाले असं आपली पुराणं सांगतात. शनि अमावस्येला पाय ठेवायला जागा नसते. (वीतरागाकडे साडेसातीचं गाऱ्हाणं घेऊन जाणं सिद्धांतात बसतं का, हा वाद पुन्हा कधीतरी.) पण आलेल्या लेकुरवाळ्यांपैकी किती जणी मुलांना ती कथा सांगतात? रांग, दर्शन, फोटो, प्रसाद, गाडी.

आता मूर्तीच्या खालच्या भागाकडे, पादपीठाकडे या. आपल्या घरातल्या जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. अमक्या आत्याकडून, अमक्याच्या लग्नात, तारीख. भांडं घासताना त्या अक्षरांवरून बोट फिरतं आणि आत्या आठवते. पादपीठावरचा लेख नेमका हाच असतो. कुणी मूर्ती करवली, कुठल्या साली, कुठल्या भट्टारकांच्या हस्ते. तुमच्या गावच्या मंदिरात पांढऱ्या पाषाणाच्या लहान मूर्ती असतील तर खाली वाकून बघा, कदाचित ‘संवत १५४८’ सापडेल. जीवराज पापडीवाल या श्रावकानं त्या संवतात, म्हणजे इ.स. १४९१ च्या सुमारास, मुडासा इथं हजारो मूर्तींची प्रतिष्ठा करवली आणि त्या गाड्यांवर घालून देशभर पोचवल्या. वेरूळच्या जैन लेण्यांच्या वर टेकडीवर पार्श्वनाथांची मूर्ती आहे, तिच्या आसनावर शके ११५६ चा लेख आहे. ती करवणाऱ्या चक्रेश्वर नावाच्या गृहस्थाला आपण जवळपास आठशे वर्षांनी नावानं ओळखतो, ते तेवढ्या ओळींमुळे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. कुणा उत्साही मंडळींनी तिथं ग्रॅनाइट चढवलं असतं तर?

विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून काढला. तो उभा राहिला आहे असल्याच मूर्तिलेखांवर आणि पोथ्यांच्या शेवटच्या ओळींवर. आपला इतिहास कुठल्या दरबारी बखरीत नाही, तो पादपीठांवर आहे. आणि आपण काय करतो? त्यावर ऑइलपेंट फासतो. नव्या वेदीत मूर्ती बसवताना पादपीठ सिमेंटमध्ये गाडतो. पितळी मूर्ती पावडरनं घासून इतक्या लख्ख करतो की अक्षरं गुळगुळीत. हे शेवटचं काम पुष्कळदा बायकांचं, भक्तीनं, पदर खोचून केलेलं.

भिंतींचंही तेच. जुनं बांधकाम चुन्याचं. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर टाइल्स ठोकल्या की ओल आत कोंडते, लोणा लागतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. गोदावरीकाठच्या गावात हे कुणी शिकवायला नको, आपल्या जुन्या घरांच्या भिंतींत पाहिलेलं आहे. मग चार-पाच वर्षांनी तेच लोक म्हणतात, बघा, मंदिर किती जीर्ण झालं.

जायकवाडीच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. त्या लोकांना विचारायला कुणी आलं नव्हतं. आपण तर वाजतगाजत, मंडप घालून, आपल्याच पैशानं बुडवतो.

हे झालं दगडमातीचं. दुसरं जातं त्याचा तर आवाजसुद्धा होत नाही. श्वेतांबर मैत्रिणींना ठाऊक असेल, त्यांची संवत्सरी पंचमीची चतुर्थीला आली ती कथा पैठणची. कालकाचार्यांचा चातुर्मास इथं होता. भाद्रपद शुद्ध पंचमीला नगरात इंद्रोत्सव, म्हणून सातवाहन राजानं विनंती केली की पर्व षष्ठीला करावं. आचार्य म्हणाले, पंचमी ओलांडता येणार नाही, अलीकडे चतुर्थीला करू. लाखो घरांची तिथी ज्या प्रसंगानं बदलली त्याला दाखवायला वीट नाही, तो फक्त सांगितला गेला म्हणून राहिला.

आपल्या दशलक्षणातली सुगंधदशमी घ्या. जिनसागरांनी तिची कथा मराठीत रचली. तिची चित्रांसकट पोथी कुणीतरी फडक्यात बांधून जपली, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन यांना १९६६ साली पाच भाषांतल्या सुगंधदशमी कथांमध्ये ती छापता आली. आज दशमीला आपण धूप खेवतो, कथा मात्र स्पीकरवर हिंदीतली लावतो. हिंदीशी माझं भांडण नाही. पण जन्मकल्याणकाचे मराठी पाळणे, रविव्रताची घरची कथा, सासूबाई ज्या चालीत अष्टक म्हणायच्या ती चाल, सिनेमाच्या चालीवरच्या भजनांखाली दबून मेली तर तिचा जीर्णोद्धार कुठल्या ठेकेदाराला देणार? उपाध्यांचं ज्ञानही असंच. वाळूच्या मूर्तीला हात किती लावायचा, कापड टेकवायचं की पुसायचं, हे हातात असतं, पुस्तकात नाही. ते पुढच्या हातात गेलं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. रोषणाईचं मात्र सगळ्यांना सुचतं.

मला उत्तरं माहीत आहेत. देवाचं घर चांगलं नको का? हवंच, आणि गळकं छप्पर आधी दुरुस्त हवं, म्हाताऱ्यांसाठी कठडा हवा, यात्रेकरू बायकांसाठी स्वच्छतागृह तर हवंच हवं. त्याच्या बोलीला मात्र कुणी हात वर करत नाही. दुसरं उत्तर जास्त चलाख आहे: आपण अपरिग्रही, जुन्या दगडाचा मोह कशाला? वा! मग नव्या संगमरवराचा, त्यावरच्या नावाच्या पाटीचा मोह कुठल्या व्रतात बसतो? अपरिग्रह सांगायचा तर मकराण्याचे ट्रक मागवताना सांगा.

दान बंद करा असं मी म्हणत नाही. रक्कम हातात ठेवून विचारा. पाडण्याआधी फोटो आणि मापं घेतली का? लेखांचे ठसे घेतले का, ते वाचले कुणी? चुन्याचं काम जाणणारा माणूस बोलावला का? शंभर वर्षांहून जुन्या दगड-धातूच्या मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली छायाचित्रासह नोंदवायच्या असतात. ती नोंद आहे का? चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला तेवढाच कागद असतो. विश्वस्त म्हणतील, बायकांना यातलं काय कळतं. म्हणू देत. चौरस फुटांचे आकडे बायकांनी हात आखडला की लगेच कळतात त्यांना.

आणि घरातलं काम तर कुणाच्या परवानगीचं नाही. येत्या सुगंधदशमीला दुपारी आमच्याकडे बसायचं ठरवलं आहे. जिच्या माहेरी-सासरी व्रतकथांची हाताने लिहिलेली वही असेल तिनं ती आणावी, फाटकी असली तरी. चिकटपट्टी लावून आणू नका, कागद खराब होतो. सुती फडक्यात बांधून आणा. वही नसेल तर जिला पाळणा येतो त्या आत्याला, काकूंना, आजीला घेऊन या. मोबाइल चार्ज केलेला असू द्या. गाताना त्या मध्येच थांबल्या, ओळ विसरल्या, खोकल्या, तरी रेकॉर्डिंग बंद करायचं नाही.