मास्तर दमला!

शनिवारची संध्याकाळ. सातपूरहून सुटून मी गंगापूर रोडला वळणार, एवढ्यात मोबाइल वाजला. मेसेज होता, ‘आज नको. पुढच्या शनिवारीही नको. मी दमलोय.’

मेसेज चक्क आमच्या मास्तरचा!

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे हं. आम्ही पाच जण गेली दोन वर्षं दर शनिवारी त्याच्या फ्लॅटवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. मास्तर गोष्ट सांगतो, ‘समोर गुहा आहे, काय करताय?’ विचारतो. आपण ठरवायचं आणि फासे टाकायचे. थोडक्यात, लहानपणीचं ‘समजा मी राजा’च, फक्त नियमांसकट. मेख आहे ती या ‘नियमांसकट’मध्ये!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली हा खेळ आणला, तेव्हा खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. आमच्याकडे आहे 2003ची आवृत्ती. तीन जाडजूड पुस्तकं, प्रत्येक तीनशेच्या वर पानांचं. एकदा माझ्या योद्ध्याला एका गॉब्लिनला नुसतं धरायचं होतं. मारायचंसुद्धा नाही हो, धरायचं! तर आधी गॉब्लिनला माझ्यावर एक फुकटचा वार. तो लागला तर माझा प्रयत्न फसला. नाही लागला, तर माझा हात त्याला पोचतो का याचा फासा. मग दोघांच्या ताकदीचे फासे. तो आकारानं लहान, म्हणून त्याचे चार वजा. मग मी त्याच्या चौकोनात सरकायचं. पानं उलटता उलटता चहा गार झाला आणि आमची सीए मैत्रीण सोफ्यावर झोपली. उठल्यावर म्हणाली, ‘दिवसभर सर्क्युलरच वाचते रे. शनिवारीही तेच?’ नंतर ती यायची बंद झाली. आणखी एकाकडे दर शनिवारी घरचं कार्य निघायला लागलं.

मी खापर फोडलं नियमांवर. रविवारी सकाळी मास्तरला मिसळ खायला घेऊन गेलो आणि उपाय सुचवला, ‘2014ची आवृत्ती घेऊ या. त्यात धरायचं असलं की दोघांनी एकेक फासा टाकायचा, विषय संपला!’

तो पाव तसाच हातात धरून म्हणाला, ‘नियमांचा कंटाळा नाही आलाय मला. तुम्ही शनिवारी येता, मी मंगळवारपासून कामाला लागलेला असतो. नकाशे, राक्षसांचे आकडे... आणि तुझ्या स्वतःच्या पात्राचा वार किती, तेही मीच सांगायचं. ऑफिसात टीम लीड, इथेही टीम लीड! दोन वर्षांत मी एकदा तरी खेळलोय का रे?’

खरं सांगते, मिसळीचा रस्सा घशाखाली उतरेना.

घरी आले. शोकेसमध्ये आईनं सावंतवाडीहून आणलेली गंजिफांची पेटी आहे. गोल, लाखेच्या रंगांनी रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे 120 पत्ते. निम्म्या रंगांत दश्शी भारी, तर निम्म्यांत एक्का भारी. सुरुवातीचा मान दिवसा रामाच्या राजाला, रात्री कृष्णाच्या. तिघं खेळणार, प्रत्येकाकडे चाळीस पत्ते, आणि कुठला पत्ता पडून गेला ते ज्यानं त्यानं लक्षात ठेवायचं. आमच्या गॉब्लिनपेक्षा सोपं नाहीये हे! तरी लोकांनी पिढ्यान् पिढ्या हौसेनं खेळलं, कारण डोकं तिघांचंही चालायचं. पुढे बावन्न पत्ते आले. स्वस्त, आणि पाच मिनिटांत मेंढीकोट शिकता येईल एवढे सोपे. गंजिफाचे नियम जाणणारे कमी कमी होत गेले. आज ही पेटी बहुतेक घरांत शोभेलाच असते. आमच्याकडे तरी कुठे कुणाला खेळता येतं?

नियम येणारा एकच उरला की खेळ शोकेसमध्ये जातो. आणि आमच्याकडे तर तो एकटा अजून चाळिशीचाही नाहीये!

मग रीतसर माफी मागितली आणि कामं वाटून घेतली. मारामारीचं प्रकरण माझं. जादूचं दुसऱ्याचं. आपल्या पात्राचे आकडे ज्यानं त्यानं पाठ करायचे. मिनिटभरात नियम सापडला नाही, तर मास्तर म्हणेल ते खरं आणि पुस्तक बंद. खेळ आता महिन्यातून दोनदाच. आणि गोष्ट सांगायची पाळी सगळ्यांवर. तुमच्याही ग्रुपमध्ये ट्रेकची बुकिंगं, बर्थडेची वर्गणी, सगळं बघणारा असा एक मास्तर असेलच. त्याला एकदा विचारा तरी, बाबा रे, तू मजा करतोयस ना?

परवाच्या शनिवारी गोष्ट सीए मैत्रिणीनं सांगितली. तिच्या ड्रॅगननं आमच्याकडे आधीच्या खजिन्याचा हिशेब मागितला! मास्तर झाला होता चोर. पहिल्याच खोलीत सापळ्यात पडला. सवयीनं त्याचा हात पुस्तकाकडे गेला, तेवढ्यात आम्ही सगळे एकदम ओरडलो, ‘तू गप रे, आम्ही बघतो!’

खड्ड्यात पडून इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.