किमान ठरले, कमाल कधी?

सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला वेगळेच काम सांगितले: १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी कशी झाली, याचा लेखाजोखा घ्या. विकासक कोण नेमायचा, पात्र कोण, विलंबाला जबाबदार कोण, असे शेकडो वाद न्यायालयांत साचले, त्यातून हा आदेश आला. साहजिकच त्याचा रोख कज्जे आणि रखडलेल्या योजनांवर आहे. नकाशे काढणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या आपण सर्वांनी मात्र पुऱ्या झालेल्या योजनांकडेही पाहायला हवे.

झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेचे गणित १९९५ पासून बदललेले नाही. सरकार पैसा देत नाही, चटईक्षेत्र देते. विकासकाने पात्र रहिवाशांना फुकट घर द्यायचे आणि खर्च-नफा विक्रीच्या इमारतीतून काढायचा. घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर आले, हे चांगलेच झाले. पण विक्रीसाठी जितकी जागा मोकळी, तितका फायदा जास्त. म्हणून पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कडेला दाटीवाटीने उभ्या राहतात. नियमही तिकडेच झुकलेला. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याच्या नियमावलीतील नियम ३३(१०) मध्ये हेक्टरी किमान ६५० घरांची अट आहे. कमाल किती, हे मात्र कुठेच नाही. वर सामासिक अंतरांतही सवलत.

अशा दाटीचा परिणाम गोवंडी-मानखुर्दच्या आधीच्या वसाहतींत दिसतो. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर इतके कमी, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अपुरा उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला. या इमारतींचे नकाशे मंजूर होते. म्हणजे दोष नियम मोडण्यात नव्हता, नियमातच होता.

दुसरी वाटही महाराष्ट्रातच चाचपली गेली आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेच्या काळात पुण्याच्या येरवड्यात काही वस्त्यांमध्ये कच्ची घरे तेवढी पाडून त्याच जागी साधारण २७० चौरस फुटांची घरे बांधली गेली. पक्की घरे तशीच ठेवली. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेने रहिवाशांच्या बैठका घेतल्या, वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी घरांचे आराखडे केले, आणि रहिवाशांनी खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरला. शेजार आणि गल्ली टिकली. मुंबईच्या जमिनीच्या भावात हे जसेच्या तसे उतरणार नाही. यात विक्रीचा घटक नाही, म्हणून विकासक फिरकत नाही. सार्वजनिक पैसाच लागतो, आणि दर घराची मोजणी करण्याची चिकाटीही. तरी एवढे नक्की कळते, की वस्तीची पुनर्रचना विक्रीच्या इमारतीपासून सुरू करण्याचे बंधन कोणी घातलेले नाही.

नियम बदलण्याची वाट न पाहता आपल्या हातात काय आहे? तळमजल्यावरच्या घरात हिवाळ्यात किती वेळ उजेड येतो, याचा हिशेब प्रत्येक पुनर्वसन नकाशाला जोडता येईल. लिफ्ट, पंप आणि सांडपाणी यांचा पुढच्या दहा वर्षांचा देखभाल खर्च काढून तो रहिवाशांच्या सोसायटीला ताबा घेण्याआधी दाखवता येईल. ताब्यानंतर पाच वर्षांनी वसाहतीत जाऊन किती मूळ कुटुंबे राहिली, कोणाचा धंदा बंद पडला, हे नोंदवता येईल. यातल्या कशालाही अधिसूचना लागत नाही.

आणि एक मागणी मात्र थेट शासनाकडे: किमान घनतेशेजारी कमाल घनतेचा आकडा लिहा. उच्च न्यायालयातला आढावा चालू असताना वास्तुविशारद आणि नगररचनाकारांच्या संघटनांनी आपापल्या पूर्ण योजनांची मोजमापे घेऊन हा मुद्दा तिथे मांडावा. तो आकडा काय असावा, हे सांगण्याइतका अनुभव या क्षेत्राजवळ आता नक्कीच जमला आहे.