मूल्यशिक्षणाचा पहिला धडा शाळेच्या दारातच

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. ते हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभरातील शाळांत विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. प्रतिमापूजन होते, भाषणे होतात, फोटो निघतात. परंतु त्या काळात शाळेत या विद्यार्थ्याला काय भोगावे लागले, हे सांगताना अनेक वक्त्यांची जीभ जड होते. बाबासाहेबांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ते लिहून ठेवले आहे. त्यांना इतर मुलांत बसता येत नव्हते. कोपऱ्यात बसण्यासाठी त्यांचा वेगळा गोणपाटाचा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकरसुद्धा तो शिवत नसे, म्हणून तो रोज घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही!

याच मुलखातल्या वाळवा तालुक्यातील वाटेगावात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे ज्यांची पुस्तके परदेशी भाषांत गेली, त्यांना गावच्या प्राथमिक शाळेने दोन दिवससुद्धा सांभाळले नाही. एकजण कोपऱ्यात बसून शिकला, दुसरा बाहेर पडला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी देशाला दिलेल्या या दोन उदाहरणांवरून आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. शाळेची मूल्ये फळ्यावरच्या सुविचारावरून ओळखायची नसतात. मूल कुठे बसते, डबा कोणाबरोबर खाते, पाणी कोणत्या नळाचे पिते आणि मुळात त्याला दारातून आत कोण घेते, यावरून ती ओळखायची असतात.

हीच कसोटी आज कॅथलिक प्राथमिक शाळांना लावण्याची वेळ आली आहे. का, ते सांगतो.

आमच्या वस्त्यांत ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला मोठे वजन आहे. धुणीभांडी करणारी आई आणि सेंट्रिंगच्या कामावर जाणारा बाप पोटाला चिमटा घेऊन मुलीला कॉन्व्हेंटला घालायचे स्वप्न पाहतात. या शब्दाचा बाजार इतका वाढला आहे की, ज्या शाळेत एक सिस्टर नाही, ज्या संस्थेचा चर्चशी काडीचा संबंध नाही, तिच्याही पाटीवर कॉन्व्हेंट लिहिलेले असते. खऱ्या कॅथलिक शाळेबद्दल पालकांना जे आकर्षण आहे ते केवळ इंग्रजीचे नाही. तिथे शिस्त आहे, वेळेवर तास होतात, स्वच्छता आहे, मुलींकडे लक्ष दिले जाते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आडनाव ऐकून कपाळाला आठ्या पडणार नाहीत, अशी आशा आहे. ही आशा खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती किती मुलांच्या बाबतीत खरी ठरते, एवढेच आम्ही विचारतो.

आधी इतिहास नीट समजून घेतला पाहिजे, कारण मिशनरी म्हटले की सगळे एकाच टोपलीत टाकले जातात. राष्ट्रपिता जोतीराव फुले शिकले ती पुण्याची स्कॉटिश मिशनची शाळा प्रोटेस्टंटांची. साताऱ्यात काम करणारे अमेरिकन मराठी मिशन प्रोटेस्टंट, आणि मिरजेचे वानलेस रुग्णालय उभारणारे प्रेस्बिटेरियनही प्रोटेस्टंटच. कॅथलिकांची वाट वेगळी. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला आणि सातारा-सांगली त्याच्याच कक्षेत येतात. सातारा जिल्ह्यातील त्यांची जुनी नामांकित शाळा म्हणजे पाचगणीचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट. ते १८९५ साली डॉटर्स ऑफ द क्रॉस या जोगिणींच्या संघाने सुरू केले. थंड हवेच्या ठिकाणची ही निवासी शाळा महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या पोरींसाठी निघाली नव्हती, हे उघड आहे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाची चिकित्सा फार पूर्वी केली. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर सविस्तर लिखाण आहे. त्याचा मथितार्थ असा की, मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखान्यांवर अमाप पैसा खर्च केला, पण त्याचा मोठा लाभ उच्चवर्णीय हिंदूंनी उचलला. जो अस्पृश्य ख्रिस्ती झाला, तो होता तिथेच राहिला. शिवाय चर्चच्या आत जात शिल्लक राहिली, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. ही टीका शत्रूची नव्हती. सेवेचे मोल जाणणाऱ्या माणसाने विचारलेला तो हिशेब होता.

चर्चने हा हिशेब पुढे स्वतःच मान्य केला, ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत आणि तरीही चर्चच्या नेतृत्वात त्यांचे स्थान नगण्य आहे, असे त्यात नमूद केले गेले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे २०२२ साली पहिले दलित कार्डिनल झाले. शतकांच्या इतिहासात पहिले! या दलित ख्रिस्तींना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली न्याय मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित मात्र अजून दारात उभे आहेत.

पुढे एप्रिल २०२४ मध्ये याच बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा आणि सकाळच्या परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका वाचून घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. संविधानाच्या २८ व्या कलमानुसारही मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण सक्तीने देता येत नाही. कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण अशी विभागणी बहुधा असतेच. परंतु उद्देशिका वाचणारे मूल तिचा अर्थ केव्हा शिकते? स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द म्हणताना शेजारच्या बाकावर रिक्षावाल्याची, ऊसतोड मजुराची, सफाई कामगाराची मुलगी बसलेली असेल, तेव्हाच शिकते. सगळे बाक डॉक्टर, बिल्डर आणि कारखान्याच्या संचालकांच्या लेकरांनी भरलेले असतील, तर बंधुता कोणाशी करायची?

इथे कायद्याचा प्रश्न येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या १२ व्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले आणि ६ मे २०१४ रोजी प्रमती खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सर्वच अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या बाहेर ठेवल्या. आधार होता संविधानाच्या ३० व्या कलमाचा. मात्र १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाने प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या खंडपीठाने त्याचा फेरविचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. त्या खटल्यात महाराष्ट्र शासनही पक्षकार होते. म्हणजे हा वाद आपल्या घरचाच आहे.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांबद्दल एक अहवाल दिला. त्यानुसार ख्रिस्ती शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर होते आणि सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुले केवळ ८.७६ टक्के होती. हा अहवाल कोण कशासाठी नाचवते, ते आम्हाला कळते. पण म्हणून आकडा खोटा ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या १ टक्क्याहूनही कमी होती. अशा राज्यात कॅथलिक शाळा भरते ती बहुतांशी इतरांच्या मुलांनी. प्रश्न एवढाच की, हे ‘इतर’ कोण? ते जर फी भरू शकणारे सुखवस्तू लोकच असतील, तर बाबासाहेबांनी नोंदवलेली तक्रार जशीच्या तशी उभी राहते.

आता आमची भूमिका. ३० वे कलम मोडून काढा, या ओरडीत आम्ही सामील होणार नाही. त्याला दोन कारणे आहेत. पहिले, बौद्ध हेदेखील अल्पसंख्याक आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध होते. उद्या आमच्या संस्थांना याच कलमाची ढाल लागणार आहे. दुसरे कारण सांगलीतच घडले. जून २०२५ मध्ये सांगलीत आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांवर हल्ला करणाऱ्यांना लाखांची बक्षिसे जाहीर केली आणि त्याविरुद्ध ख्रिस्ती समाजाला मुंबईच्या रस्त्यावर उतरावे लागले. लोकप्रतिनिधीच मारहाणीला बक्षीस लावतो, तेव्हा त्याच्या गोटातून शाळांच्या ‘सुधारणे’ची भाषा आली तर ती आमच्या मुलांच्या कळवळ्याने आलेली नसते. १९५६ साली स्वेच्छेने धर्म बदललेला समाज धर्मस्वातंत्र्यावरच्या हल्ल्याला टाळ्या वाजवू शकत नाही.

गरिबांच्या मुलांचा कैवार घेणाऱ्या सत्ताधाऱ्यांचे स्वतःचे वर्तनही पाहा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून आमची मुले वाचली. त्याआधी २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४ हजार ७०० शाळांचे समूह शाळांत विलीनीकरण करण्याचा घाट घातला गेला. पाटण आणि जावळीच्या डोंगरातल्या वाडीवस्तीवरच्या पोरीने समूह शाळेला कसे जायचे, हे कोणी सांगितले नाही. एकीकडे जिल्हा परिषदेची शाळा बंद करायची, दुसरीकडे खासगी शाळेचे दार लावायचे. मग जायचे कुठे?

तरीही चर्चला आमचा सवाल आहेच. कायद्याने सक्ती नाही, म्हणजे मनाई आहे काय? कोणत्याही न्यायालयाने कॅथलिक शाळांना २५ टक्के गरीब मुले घेऊ नका असे सांगितलेले नाही. सूट हा हक्क आहे, पण गरिबाची सेवा हे तुमचेच मूल्य आहे. मोठ्या खंडपीठाच्या निकालाची वाट न पाहता पुणे धर्मप्रांताने सातारा-सांगलीतील आपल्या प्राथमिक शाळांत स्वेच्छेने एक चतुर्थांश जागा वंचितांच्या मुलांना द्याव्यात. त्यात दलित ख्रिस्तींची मुले पहिल्यांदा यावीत. प्रवेशाचे निकष आणि जागांची संख्या शाळेच्या फलकावर मराठीत लावावी. आईबापांची इंग्रजीतून मुलाखत घेऊन मुलाची लायकी ठरवू नये. फी माफ झालेल्या मुलाला गणवेश, सहल आणि स्नेहसंमेलनाच्या खर्चाने वेगळे पाडू नये, कारण आजच्या काळातला गोणपाट हा असाच असतो.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुले एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एका पंक्तीत जेवली. तेही अशा काळात, जेव्हा सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी प्यायला महाडला सत्याग्रह करावा लागत होता. रयतकडे परदेशी निधी नव्हता, घरोघरची मूठमूठ धान्याची मदत होती. समूहजीवन म्हणतात ते याला.

शेवटी आमच्या समाजालाही दोन शब्द. केवळ पाटी पाहून कर्ज काढू नका. मूल ज्या शाळेत आहे तिथल्या पालकसभेला जा, बोला, मराठीतून बोला. जिल्हा परिषदेची शाळा चांगली चालत असेल तर तिला जगवणे हे आपले काम आहे. आणि जी कसोटी आपण कॅथलिक शाळांना लावतो, तीच बाबासाहेबांचे नाव लावून चालणाऱ्या संस्थांनाही लावा. तिथे भूमिहीन मजुराच्या मुलाला डोनेशनशिवाय प्रवेश मिळतो काय, हे विचारा.

प्रवेशाचा हंगाम दरवर्षी येतो. या वेळी साताऱ्यातील, कराडमधील, सांगली-मिरजेतील कार्यकर्त्यांनी प्रत्येक इंग्रजी शाळेत, मग ती चर्चची असो, साखरसम्राटाची असो की आपल्या माणसाची असो, लेखी अर्ज देऊन एकच प्रश्न विचारावा: पहिलीच्या वर्गात गरिबांची मुले किती? उत्तर लेखी घ्यावे आणि ते वस्तीच्या बुद्धविहारात लावावे. त्या आकड्यावरूनच शाळेची मूल्ये लोकांना कळतील.